६५७ चं कपाट

शिरगावच्या आमच्या घरातली चार भावंडं कॉमर्सला गेली: ताई, दादा, अण्णा आणि सगळ्यांत धाकटी मी. त्यांतलं सख्खं कोण नि चुलत कोण, हे घरात कधी कुणी मोजलं नाही. काळ १९८० नंतरच्या दशकाचा. घराच्या एका अंगाला भातशेती, दुसऱ्या अंगाला एमआयडीसीचे कारखाने, आणि पावसाळ्यात स्टेशन गाठेपर्यंत चपला हातात. अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांना हिशोबनीस लागायचे. जमाखर्च येणारा माणूस उपाशी राहत नाही, असं काकांचं ठाम मत होतं, म्हणून आम्ही सगळे त्या वाटेला लागलो. गोडी पुढे लायब्रऱ्यांनी लावली.

त्या लायब्रऱ्यांत आम्ही काय शोधत होतो, ते कसं सापडायचं आणि घरी आणून त्याचं काय करायचो, हे आता आम्हा चौघांखेरीज कुणाला ठाऊक नाही. ताईला बारीक टाइप वाचवत नाही आता. दिवाळीला सगळे जमलो तेव्हा तीच म्हणाली, "तू लिही गं, तुझ्या लक्षात आहे अजून." म्हणून लिहितेय. कुठे चुकलं तर दुरुस्त करायला तिघंही आहेत.

घरात पुस्तकं होती, नव्हती असं नाही. शुक्ला-ग्रेवालचं 'अॅडव्हान्स्ड अकाउंट्स' दादाने घेतलं आणि ते चौघांच्या हातांतून गेलं. माझ्यापर्यंत येईतो त्याचे मधोमध दोन तुकडे झाले होते. भागीदारी एका तुकड्यात, कंपनी दुसऱ्यात. बी. के. भार यांचं कॉस्टिंगचं पुस्तक अण्णाचं, त्याला खाकी कव्हर. परीक्षा या दोन पुस्तकांवर निघायची. पण त्या पुस्तकांतल्या कंपन्यांची नावं 'अ लिमिटेड' आणि 'ब लिमिटेड'. अंबरनाथला उतरलं की विम्को नाका दिसायचा, काडेपेट्यांचा एवढा मोठा कारखाना दिसायचा. तो कारखाना स्वतःच्या वहीत लाकूड कितीला लावतो, गंधक कितीला लावतो, हे ग्रेवालमध्ये कसं असणार?

हा प्रश्न पहिल्यांदा ताईला पडला. ती बी.कॉम. उल्हासनगरच्या चांदीबाई कॉलेजातून झाली. १९६५ साली सिंधी मंडळींनी उभं केलेलं ते कॉलेज म्हणजे आमच्या पट्ट्यातल्या पोरांचा मोठा आधार. कल्याणपुढे शिकायला जायला सगळ्यांच्या घरून परवानगी नसे. तिथल्या लायब्ररीत ताईने कार्डांचे खण उघडायला शिकून घेतलं आणि मग आम्हा सगळ्यांना शिकवलं. पितळी मूठ ओढली की लांबलचक खण बाहेर यायचा, आत खालून सळई ओवलेली कार्डं. लेखकाच्या नावाचे खण वेगळे, विषयाचे वेगळे. विषयाच्या खणात हिशोबाचा आकडा ६५७. शेजारी ६५८ व्यवस्थापन. बँका आणि पैसा ३३२, सरकारी वित्त नि कर ३३६, उद्योगधंदे ३३८. अजूनही कुठल्या लायब्ररीत शिरले की माझी नजर आधी ६५७ शोधते.

ताईने मात्र लवकरच ओळखलं की ६५७ पाशी थांबून भागत नाही. ती म्हणायची, "या कपाटात हिशोब कसा ठेवावा ते मिळतं. कुणी कसा ठेवला, ते दुसऱ्या कपाटांत असतं." तिच्या पुढच्या सगळ्या संशोधनाची किल्ली या एका वाक्यात आहे असं मला वाटतं, आणि आजही अकाउंटन्सीत एम.कॉम., पीएच.डी. करणाऱ्या मुलांना मी हेच सांगते. टॅरिफ बोर्डाचे अहवाल ३३८ मध्ये सापडतात नाहीतर सरकारी प्रकाशनांच्या कोपऱ्यात. कराचे निकाल कायद्याच्या कपाटात. कंपन्यांचे वार्षिक अहवाल तर पुस्तकांतच जमा नसतात, त्यांना क्रमांकही दिलेला नसतो. हिशोबाचा अभ्यास करणाऱ्याला अख्खी लायब्ररी पालथी घालावी लागते.

आमच्या घरात नकळत वाटणी झाली होती. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय आईचं. १८६४ सालचं ते वाचनालय, तिथली वर्गणी आई भरायची ती कादंबऱ्या आणि दिवाळी अंकांसाठी, पण तिच्या कार्डावर आम्हीही जमाखर्चाची जुनी मराठी पुस्तकं आणायचो. कीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद हे शब्द आम्ही आधी त्या पुस्तकांत वाचले आणि मग आजोबांच्या बासनातल्या वह्यांवर बोट ठेवून ओळखले. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं आणि मुंबईचं १८९८ चं, तिथे जायचं म्हणजे वाटेत उतरून. फोर्ट दादाचा. कलिना ताईचं, विद्यापीठाच्या जवाहरलाल नेहरू ग्रंथालयात जुने प्रबंध बघायला ती कुर्ल्याला उतरून बसने जायची. अण्णा दिवसा अंबरनाथच्या एका कारखान्यात कॉस्टिंग खात्यात आणि संध्याकाळी आयसीडब्ल्यूएच्या अभ्यासाला; त्याची लायब्ररी जन्मभूमी मार्गावरच्या रोहित चेंबर्समधली. ज्याला जे हवं ते दुसऱ्याने येताना आणायचं, असा घरचा रिवाज. स्वयंपाकघराच्या दाराला दोरीने बांधलेल्या वहीत मागण्या लिहिलेल्या असत. "दादा, चार्टर्ड अकाउंटंट, १९७९ चा वार्षिक इंडेक्स बघ, अकाउंटिंग स्टँडर्ड १." "ताई, कलिना, काडेपेटी किंवा मॅच या शब्दाखाली प्रबंध आहे का?" आणि मधूनच आईचं, "येताना कल्याणहून कोथिंबीर."

दादा फोर्टमधल्या एका फर्ममध्ये सीएची आर्टिकलशिप करत होता. त्याची एक गोष्ट सगळ्यांनी मिळून आठवली की प्रत्येक जण वेगळी सांगतो, पण मूळ असं. साहेबांनी चिठ्ठीवर लिहून दिलं: (१९७१) ८२ आयटीआर ३६३. निकाल काढून आण. कंसात वर्ष, मग खंड, मग रिपोर्ट्सचं नाव, शेवटी पान, हे त्याला तिथल्याच एका सीनियरने सांगितलं. 'इन्कम टॅक्स रिपोर्ट्स' १९३३ पासून निघतात, बांधीव खंडांच्या भिंतीच्या भिंती. दादाने ब्याऐंशीवा खंड काढला, पान ३६३ उघडलं. केदारनाथ ज्यूट मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचा खटला, निकाल सर्वोच्च न्यायालयाचा. विक्रीकराचं देणं अंगावर आलेलं, कंपनी ते वादात नेत होती आणि वहीत त्याची नोंदही केलेली नव्हती. तरी न्यायालय म्हणालं, मर्कंटाइल पद्धतीने, म्हणजे पैसे देण्याआधीच देणं धरून, हिशोब ठेवणाऱ्याचं देणं कायद्याने उभं राहिलं की वजावट मिळते; वहीत नोंद आहे की नाही, यावर हक्क ठरत नाही.

दादा रात्री घरी आला तो हरखून. जेवताना सगळ्यांना निकाल सांगितला. वहीतली नोंद अंतिम नाही, हे ऐकून आजोबा घास हातात धरून थांबले. आयुष्यभर त्यांनी वहीलाच प्रमाण मानलेलं. अण्णाने मात्र विचारलं, "आणि त्रेचाळीस-बी?" १९८३ च्या वित्त कायद्याने कलम ४३बी आलं होतं, आणि त्यानंतर असे कर प्रत्यक्ष भरल्याशिवाय वजावट मिळत नव्हती. तत्त्व कायम राहिलं, पण विक्रीकरापुरता त्याचा उपयोग नव्या कलमाने संपवला होता. दादा दुसऱ्या दिवशी परत गेला आणि नंतरच्या खंडांच्या इंडेक्समध्ये त्या निकालाचा उल्लेख कुठे कुठे आला ते उतरवून घेतलं. तेव्हापासून घरात नियमच झाला की सापडलेला कागद आज लागू आहे का, ते बघितल्याशिवाय शोध पुरा झाला म्हणायचं नाही. नियतकालिकं वाचायची तीसुद्धा ताज्या वर्षाच्या इंडेक्सपासून मागे मागे. सीए इन्स्टिट्यूटचं 'द चार्टर्ड अकाउंटंट' जुलै १९५२ पासूनचं. पहिल्या अंकापासून वाचत आलं तर माणूस जुन्या कायद्यातच अडकून पडतो.

ताईचं काम वेगळं होतं. ती ज्युनिअर कॉलेजात शिकवायला लागली आणि एम.फिल.साठी तिने काडेपेटी उद्योगातली उत्पादन-खर्चाची मांडणी हा विषय घेतला. मार्गदर्शकांना वाटलं होतं, एखादी साखर कारखान्याची किंवा बँकेची केस घेईल. पण रोज गाडीच्या खिडकीतून जो कारखाना दिसतो त्याचाच अभ्यास करायचा, हे तिने धरून ठेवलं. १९२३ मध्ये स्थापन झालेली विम्को ही स्वीडिश मॅच कंपनीची भारतातली शाखा, आणि अंबरनाथचा कारखाना तिच्या अगदी सुरुवातीच्या कारखान्यांतला. त्याच्या भोंग्यावर आमच्या भागातल्या कितीतरी घरांची घड्याळं लावलेली असायची.

कंपनीच्या वार्षिक अहवालाइतका उपयोगी कागद हिशोबाच्या अभ्यासाला दुसरा नाही, आणि तो लायब्रऱ्यांत मिळायचा सगळ्यांत कमी. तो मिळवायच्या वाटा ताईने एकेक शोधल्या. कंपनी सेक्रेटरीला पोस्टकार्ड लिहायचं, कधी बुकपोस्टाने अहवाल यायचा, कधी काहीच नाही. कंपनी कायद्याच्या कलम ६१० खाली रजिस्ट्रार ऑफ कंपनीजकडे शुल्क भरून फाइल बघता यायची, म्हणून मरीन ड्राइव्हच्या एव्हरेस्ट बिल्डिंगमध्ये जाऊन बसायचं. शेअर बाजाराच्या ऑफिशियल डिरेक्टरीत कंपन्यांचे मागच्या वर्षांचे आकडे थोडक्यात मिळायचे. रिझर्व्ह बँकेच्या मासिक बुलेटिनमध्ये पब्लिक लिमिटेड कंपन्यांच्या अर्थकारणाचे अभ्यास यायचे, त्यातून अख्ख्या उद्योगाची सरासरी कळायची. आणि सगळ्यांत साधी वाट दादाच्या फर्ममधल्या एकाने सांगितली: ऑड लॉटमधला, म्हणजे सुटा, एखादा शेअर घेऊन टाका, भागधारकाला अहवाल पाठवणं कंपनीला भागच आहे. त्या दिवसापासून आमच्या घरात भाऊबीजेला शेअर मिळायला लागले. दादाने ताईला एक, अण्णाने मला एक. नफ्यासाठी नव्हेच, दरवर्षी पोस्टमन अहवाल आणून देईल म्हणून.

त्या अहवालांत काय असायचं, ते आजच्या मुलांना सांगितलं की त्यांना खरं वाटत नाही. कंपनी कायदा १९५६ च्या परिशिष्ट सहाप्रमाणे परवान्याची क्षमता, उभारलेली क्षमता, प्रत्यक्ष उत्पादन, कच्चा माल किती टन वापरला आणि कितीला, सुरुवातीचा नि अखेरचा साठा नगांत आणि रुपयांत, हे सगळं छापावं लागायचं. म्हणजे कॉस्ट ऑडिटचा गोपनीय अहवाल हाती नसतानाही ताई टनाला भाव काढू शकायची, वर्षागणिक लाकूड किती महागलं ते मांडू शकायची. १९८८ च्या दुरुस्तीनंतर भागधारकांना संक्षिप्त ताळेबंद पाठवायची मुभा कंपन्यांना मिळाली, आणि पाकिटं एकदम पातळ झाली. ताई अस्वस्थ झाली. पूर्ण प्रत मागायचा हक्क होता, तो ती दरवर्षी पत्र लिहून बजावायची. तिची पत्रं इतकी नेटकी असत की आई म्हणायची, ही कॉमर्सला गेली आणि एक चांगली वकील बुडाली.

याच शोधात तिला १९२८ चा टॅरिफ बोर्डाचा अहवाल सापडला. टाउन हॉलच्या पायऱ्या चढून एशियाटिक सोसायटीच्या वाचनालयात ती कॉलेजचं पत्र घेऊन गेली. त्याच वास्तूत राज्याचं मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १९५४ च्या कायद्याने देशातल्या ज्या चार ग्रंथालयांना प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत मिळते त्यांतलं ते एक. तिला मात्र त्याच्याही आधीचं हवं होतं. सूचीत 'मॅच' खाली काही नव्हतं. मागणीची चिठ्ठी घेऊन जाणाऱ्या वयस्कर शिपाईमामांनी विचारलं, "बाई, काय शोधताय?" तिने सांगितलं. ते म्हणाले, सरकारी पुस्तकं नावावर शोधू नका, कमिटीच्या नावावर शोधा. 'इंडियन टॅरिफ बोर्ड' या नावाखाली ते कार्ड निघालं. जुन्या सरकारी प्रकाशनांचा लेखक म्हणजे ते खातं किंवा ते मंडळ, हे सूत्र ताईला कुठल्याही प्राध्यापकाआधी त्या मामांनी शिकवलं.

काडेपेटी उद्योगाला संरक्षण द्यावं की नाही, याची ती चौकशी. स्वीडिश कंपनी देशी कारखान्यांना गिळेल का, हा तेव्हा ऐरणीवरचा प्रश्न, म्हणून मंडळाने उत्पादन-खर्चाची बारकाईने चिरफाड केलेली, आणि त्यात अंबरनाथचं नाव. झेरॉक्स काढायला बंदी होती, पान मोडायची भीती. ताईने पेन्सिलीने कोष्टकं उतरवून आणली. खर्च काढलेला ग्रोसवर, म्हणजे बारा डझन पेट्यांवर, आणि तो रुपये, आणे, पै यांत.

त्या रात्री पडवीत जे झालं, ते आम्हा चौघांनाही लख्ख आठवतं. वीज गेलेली, मधे कंदील. ताईने सांगितलं की बाहेरून येणाऱ्या काडेपेट्यांवर १९२२ पासून ग्रोसला दीड रुपया जकात होती आणि १९२८ मध्ये तीच संरक्षक जकात म्हणून पक्की केली. दादाने दशमानात आणायला सुरुवात केली, दीड भागिले एकशे चव्वेचाळीस, शून्य पॉइंट शून्य एक शून्य चार... आजी भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "अरे, पेटीला दोन पै." आम्ही थांबलो. ती शांतपणे सांगत गेली: दीड रुपयाचे चोवीस आणे, आण्याच्या बारा पै, झाल्या दोनशे अठ्ठ्याऐंशी, एकशे चव्वेचाळीस पेट्यांना वाटा, दोन पै. मग म्हणाली, "माझ्या लग्नाच्या सुमाराला पेटी पैशाला मिळायची."

पैसा म्हणजे तीन पै. त्यांतल्या दोन पै एवढी जकात बाहेरच्या मालावर. बाहेरचा माल का हटला आणि अंबरनाथला कारखाना का उभा राहिला, ते आम्हा कॉमर्सवाल्यांना चौथीपर्यंत शिकलेल्या आजीच्या तोंडी हिशोबाने उलगडलं. दशमान नाणी १९५७ ला आली. त्याआधीचे हिशोब वाचायचे तर आणे-पैच्या पाढ्यांत विचार करणारं माणूस जवळ लागतं. पुढे ताईने कोष्टकं उतरवून आणली की आधी आजीपुढे वाचायची. आजी गेली तेव्हा ताईचं काम पुरं झालं होतं, आणि प्रबंधाच्या ऋणनिर्देशात आजीचं नाव मार्गदर्शकांच्या लगेच खाली आहे.

हाताने उतरवलेले आकडे तपासायचे कसे, याचंही घरात शास्त्र होतं. एकाने वाचायचं, दुसऱ्याने टिक करायची, मग उभी आणि आडवी बेरीज, आणि छापलेल्या बेरजेशी ताळा. जुळलं नाही की अण्णाचा पहिला प्रश्न, "फरक किती?" एकदा फरक आला १८०. अण्णा म्हणाला, नऊने भाग जातोय, म्हणजे आकडे उलटसुलट झालेत. नव्वदनेही जातोय, म्हणजे दशक आणि शतक स्थानांतले. भागाकार दोन, तर ज्या दोन अंकांत दोनाचा फरक आहे ते बघा. रकान्यात खाली खाली जात मी ४७५२ वर बोट ठेवलं, मूळ आकडा ४५७२ होता. ताईने पुढच्या खेपेला टाउन हॉलला जाऊन खात्री केली. भाग जात नसेल तर फरकाची निमपट करून बघायची, एखादी रक्कम चुकीच्या बाजूला पडली असेल तर ती निमपटीत सापडते. संगणक आले तरी मी हे सोडलेलं नाही. आजही एक्सेलमध्ये कुणीतरी हाताने भरलेले आकडे पुढे आले की मी फरकाला नऊने भागते.

मुली-बायकांना हे सगळं करायचं तर गाडीचं वेळापत्रक सांभाळून. तेव्हा बदलापूर लोकल हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. एक चुकली की व्हीटीला ताटकळायचं, आणि उतरल्यावर शिरगावपर्यंतचा अंधारा रस्ता. वाचनालय सातपर्यंत उघडं असलं तरी ताईला पाचलाच वही मिटावी लागायची. दादाला तसं नव्हतं. ही तफावत तेव्हा घरात कुणी बोलून दाखवली नाही, पण काकू न सांगता कंदील घेऊन स्टेशनच्या वाटेवर अर्ध्यापर्यंत जाऊन उभ्या राहायच्या. गाड्या अधिक आणि रस्त्यावर दिवे असते, तर ताईचा प्रबंध लवकर पुरा झाला असता, काकूंचे पाय थोडे वाचले असते. आज तिच्या पुस्तकांकडे बघताना मला त्या दोन तासांची हळहळ वाटते.

पुढे सगळं भराभर बदललं. सीएमआयई ही संस्था १९७६ पासून आकडे गोळा करत होतीच, तिच्या संगणकीय माहितीकोशात एका कंपनीची वीस वर्षं एका पडद्यावर यायला लागली. २००६ मध्ये कंपनी खात्याची कागदपत्रं ऑनलाइन झाली, एव्हरेस्ट बिल्डिंगची खेप वाचली. प्रबंध 'शोधगंगा' या संकेतस्थळावर मोफत वाचायला मिळतात. हे फार चांगलं झालं. शिरगावच्या मुलीला रात्री दहा वाजता घरात बसून गुवाहाटीचा प्रबंध उघडता येतो, याचं मोल मला कळतं.

पण काही गेलंही. २६ जुलै २००५ च्या पुरात अण्णाच्या नदीकडच्या तळमजल्यावरच्या घरात पाणी शिरलं आणि त्याचे 'मॅनेजमेंट अकाउंटंट'चे जपून ठेवलेले अंक लगदा होऊन गेले. त्याने फर्निचरचं दुःख केलं नाही, अंकांचं केलं. त्याहून मोठं नुकसान पाण्याविना होतं. जागा नाही म्हणून लायब्रऱ्या आधी काढतात ते जुने वार्षिक अहवाल, जुनी डिरेक्टरी, बोर्डांचे अहवाल. कारण ते कुणी मागत नाही आणि त्यांना पाठीवर सुंदर नाव नसतं. कादंबरीची प्रत दुसरीकडे मिळते. बंद पडलेल्या कंपनीचा १९७४ चा अहवाल एकदा रद्दीत गेला की संपला. आमच्या बदलापुरात श्याम जोशी सरांनी 'ग्रंथसखा' उभं करून जुन्या मराठी पुस्तकांना जो आसरा दिला, तसा या हिशोबी कागदांना द्यायला प्रत्येक जिल्ह्यात कुणीतरी हवं. कारखाने गेले, जमिनींवर टॉवर आले. तिथे काय बनत होतं, कितीला बनत होतं, किती जण कामाला होते, हे सांगणारे तेवढेच कागद उरले आहेत.

गेल्या वर्षी दादाची मुलगी, माझी भाची, पीएच.डी.ला बसली. तिचा विषय कंपन्यांनी जाहीर करायची माहिती. एके दिवशी तिचा फोन, "आत्या, २०११ नंतरच्या अहवालांत कच्च्या मालाचे टन आणि नग सापडतच नाहीत. मी चुकीचं पान बघतेय का?" पान बरोबर होतं. २०११ मध्ये परिशिष्ट सहा नव्याने आलं आणि परिमाणांचा तो सगळा तपशील वगळला गेला. तेव्हा ताईच्या पत्र्याच्या ट्रंकेतले अहवाल तिला काढून दिले. भाऊबीजेच्या शेअरांवर आलेले, पातळ पाकिटांतले, पत्र लिहून मागवलेले. ती आठवडाभर शिरगावला राहून फोनने पान न् पान टिपत होती, ताई शेजारी खुर्ची टाकून कुठल्या वर्षी काय बघायचं ते सांगत होती.

१९२८ चा अहवाल तिला इंटरनेटवर मिळाला. तासाभरात, घरबसल्या, ताईला कौतुक वाटलं. पण स्कॅन करणाऱ्याने घडीची पानं उलगडलीच नव्हती. मोठी कोष्टकं दुमडलेली, निम्मे रकाने आत. म्हणून परवा ती सकाळच्या गाडीने व्हीटीला गेली आणि टाउन हॉलमध्ये तो खंड मागवला. दुपारी तिने ताईला फोन लावला, कुजबुजत, "मोठी आत्या, मिळाला. कोष्टक उलगडलंय. कुठून सुरू करू?"

"आधी तळटीपा उतरव," ताई म्हणाली. "खर्चात घसारा धरलाय की नाही, ते तिथे असतं. आकडे मग."